वॉटसनच्या जागेवरून पाहिलेला होम्स

जेरेमी ब्रेट शेरलॉक होम्स झाला त्याच्या आधी तो डॉक्टर वॉटसन होता. १९८० साली लॉस एंजेलिसमध्ये ‘द क्रुसिफर ऑफ ब्लड’ या नाटकात चार्ल्टन हेस्टन होम्स करत होता आणि त्याच्या शेजारी वॉटसन म्हणून उभा असायचा ब्रेट. त्याच्या चरित्रात ही हकीकत एखाद्या ओळीत उरकली जाते. मला मात्र त्याच्या होम्सची किल्ली तिथेच सापडते. प्रयोगामागून प्रयोग त्याने होम्सला वॉटसनच्या जागेवरून पाहिलं होतं. या माणसाजवळ राहायचं म्हणजे काय काय सोसावं लागतं आणि तरी त्याला सोडून का जाता येत नाही, हे तो आतून शिकून आला होता.

ग्रॅनाडा टेलिव्हिजनची मालिका एप्रिल १९८४मध्ये सुरू झाली. त्याआधी इंग्रजी प्रेक्षकाच्या मनात होम्स म्हणजे बेसिल रॅथबोन. १९३९ ते १९४६ या काळातल्या त्याच्या चौदा चित्रपटांत वॉटसन होता नायजेल ब्रूस, वेंधळा आणि हसं करून घेणारा. रॅथबोनचा होम्स रुबाबदार होता, यात शंका नाही. पण असा वॉटसन शेजारी असला की होम्सला त्याची गरज का वाटावी, हे कळत नाही. भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्सला भेटलेल्या मराठी वाचकालाही हा विदूषकी वॉटसन ओळखीचा वाटणार नाही. निर्माता मायकेल कॉक्स यांना पुन्हा कॉनन डॉयलच्या पानांकडे जायचं होतं. त्यांच्या चमूने होम्सच्या सवयी, कपडे, खाणंपिणं यांची ७७ पानांची नोंदवही तयार केली होती आणि ब्रेटने ती अक्षरशः पाठ केली. वॉटसनच्या भूमिकेत आला डेव्हिड बर्क. त्याचा वॉटसन अफगाण युद्धातून परतलेला, डोळे उघडे असलेला, मनाला लागलं तर तसं दाखवणारा डॉक्टर होता.

पहिलाच भाग ‘अ स्कँडल इन बोहेमिया’. वॉटसन बाहेरगावाहून बेकर स्ट्रीटला परततो आणि आपला मित्र पुन्हा कोकेनच्या सुईच्या नादी लागला, असं समजून संतापतो. होम्सला खरी नशा चढलेली असते ती नुकत्याच आलेल्या एका पत्राची. या प्रवेशात ब्रेट काय करतो ते बारकाईने पाहावं. अंगावर काळे कपडे, केस मागे चापून बसवलेले, चेहरा पांढराफटक. तो वॉटसनचा राग आधी पूर्ण होऊ देतो.  त्या रागाची ऊब त्याला हवी असते. मग पत्र पुढे येतं आणि बघता बघता त्या चेहऱ्यावर वीज खेळते.

त्याच्या होम्सचं नाव निघालं की लोकांना आठवतात त्या उड्या, फुटलेलं हसू, हवेत उडणारी बोटं. तेही सुंदरच आहे. सोफ्याच्या पाठीवरून झेप घेणारा होम्स त्याच्याआधी कुणी दाखवला नव्हता. पण माझ्या मते त्याच्या अभिनयाचा कळस त्याच्या ऐकण्यात आहे. अशील आपली कहाणी सांगू लागतं आणि हा खुर्चीत मागे रेलतो, बोटांची टोकं एकमेकांना लावतो, डोळे मिटतो. सिडने पॅजेटने स्ट्रँड मासिकासाठी काढलेल्या चित्रांतल्या बैठका त्याने अशा अंगात मुरवल्या होत्या. मिटल्या पापण्यांखाली तो जागा असतो. एखादा निसटता तपशील आला की एकच बोट किंचित हलतं. कसलेला गवई विलंबितात समेची वाट पाहतो, तसा तो त्या तपशिलाची वाट पाहत बसलेला असतो. आणि निष्कर्ष सांगून झाला की त्याची नजर अशिलाकडे जात नाही, वॉटसनकडे जाते. दाद हवी ती तिथून.

ब्रेटचा जन्म ३ नोव्हेंबर १९३३चा, वॉरिकशायरमधल्या बर्क्सवेलचा. घराण्याचं नाव हगिन्ज. नटाने ते लावू नये असं लष्करी अधिकारी असलेल्या वडिलांचं म्हणणं पडलं, तेव्हा त्याने आपल्या पहिल्या सुटावरच्या लेबलातलं ‘ब्रेट’ उचललं. लहानपणी त्याला ‘र’ नीट म्हणता येत नसे. पुढे जिभेवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर उच्चारांचा सराव त्याने कधी सोडला नाही. त्याच्या होम्सचे व्यंजनांवर जोर देणारे कातीव शब्द, कुजबुजीतून एकदम कडाडणारा आवाज, यांमागे ही मेहनत आहे. ‘माय फेअर लेडी’तला देखणा फ्रेडी (गाण्याचा आवाज मात्र दुसऱ्याचा), रंगभूमीवरच्या अभिजात भूमिका, १९७९च्या बीबीसीच्या ‘रेबेका’त मॅक्सिम डी विंटर. त्यात मिसेस डॅनव्हर्स झालेली अ‍ॅना मॅसी ही त्याची घटस्फोटित पत्नी. पन्नाशीपर्यंत तो उत्तम नट म्हणून गणला जात होता, पण हीच त्याची भूमिका असं म्हणावं, असं काही हाती आलं नव्हतं.

ते आलं आणि पाठोपाठ घाव बसला. दुसरी पत्नी जोन विल्सन १९८५च्या जुलैत कर्करोगाने गेली. पुढच्या वर्षी ब्रेट कोसळला. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजाराचं निदान झालं, लिथियम सुरू झालं. त्याने अंगात पाणी साचू लागलं, चेहरा सुजला, आधीच दुबळ्या हृदयावर भार वाढला. कॅमेऱ्यापुढे हे लपण्यासारखं नव्हतं.

१९८८चा ‘द डेव्हिल्स फूट’ याच काळातला. होम्स आजारी आहे, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर विश्रांतीला आला आहे. ब्रेटने केस बारीक कापून टाकले आहेत, त्यामुळे चेहरा उघडा पडल्यासारखा दिसतो. तिथल्या वाळूत तो आपली सुई पुरून टाकतो. हे डॉयलच्या कथेत नाही. मालिका मुलंही पाहतात याची ब्रेटला काळजी होती आणि या बदलाला त्याने डॉयलची कन्या डेम जीन यांची संमती घेतली होती. पुढे विषारी भुकटी दिव्यात जाळून होम्स स्वतःवरच प्रयोग करतो. भासांच्या गर्तेतून वॉटसन त्याला बाहेर ओढतो आणि शुद्धीवर येताना त्याच्या तोंडून किंचाळी फुटते, ‘जॉन!’ एरवी तोंडी कायम ‘वॉटसन’. भीतीने सगळे शिष्टाचार गळून पडले की या माणसाजवळ कोण उरतं, ते एका हाकेत कळतं. ती हाक मला या मालिकेतल्या सगळ्या निष्कर्षांहून मोठी वाटते.

त्यावेळचा वॉटसन होता एडवर्ड हार्डविक. बर्कने रॉयल शेक्सपिअर कंपनीकडे जाताना त्याचंच नाव सुचवलं होतं. बर्कच्या वॉटसनला होम्सचं नवल वाटे, हार्डविकच्या वॉटसनला त्याची काळजी वाटते. नटाची प्रकृती ढासळत असताना वॉटसन असा बदलावा, हा योग मालिकेच्या पथ्यावर पडला.

१९९२-९३मधले दोन तासांचे भाग मला आवडत नाहीत. छोट्या कथा ताणून ताणून विरळ केल्या आहेत, ‘द एलिजिबल बॅचलर’मध्ये तर स्वप्नांचं भलतंच ठिगळ लावलं आहे. शेवटच्या सहा भागांत संहिता पुन्हा सावरते, पण ब्रेट थकलेला आहे. ‘द माझारिन स्टोन’मध्ये आजारपणामुळे तो जेमतेम दिसतो आणि होम्सचं काम थोरला भाऊ मायक्रॉफ्ट करतो. १९९५च्या सप्टेंबरात, एकसष्टाव्या वर्षी, हृदयविकाराने ब्रेट गेला. तोवर होम्सचे ४१ भाग झाले होते.

शेवटच्या सहा भागांतला ‘द गोल्डन पिन्स-नेझ’ मुद्दाम पाहण्यासारखा आहे. हार्डविक दुसऱ्या चित्रपटात गुंतल्यामुळे त्यात वॉटसन नाही, त्याच्या जागी मायक्रॉफ्ट आहे. मायक्रॉफ्ट झालेला चार्ल्स ग्रे उत्तम नट, रहस्यही चांगलं, ब्रेटही त्याच्या त्या दिवसांच्या मानाने ताजातवाना. तरी त्याचे निष्कर्ष कुठेच टेकत नाहीत. मायक्रॉफ्ट तर होम्सपेक्षाही हुशार. धाकट्याने काही सांगावं, तर थोरल्याला ते आधीच सुचलेलं असतं.