पाच अक्षरांचा प्रश्न : जीएंचे चाहते आणि जीएंचे वाचक

दुसरबीडला जी. ए. कुलकर्णींवर बोलायचं म्हटल्यावर एकानं मला विचारलं, धारवाडच्या लेखकाचा इथं काय संबंध? संबंध आहे. आपल्या शेजारी मेहकरला ना. घ. देशपांडे होते. त्यांना १९८६ साली ‘खूणगाठी’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तोच पुरस्कार १९७३ साली जीएंना ‘काजळमाया’साठी मिळाला होता, आणि त्यांनी तो परत केला. का केला, त्याकडे मी येतोच.

आज बोलायचंय ते जीएंच्या चाहत्यांमधल्या प्रश्नमंजूषेबद्दल. चार चाहते जमले की हा खेळ सुरू होतो. जी. ए. म्हणजे काय? गुरुनाथ आबाजी. ते कोणता विषय शिकवायचे? इंग्रजी. कॉनरॅड रिक्टरच्या कोणत्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या? ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’... आणि मग हुकमी प्रश्न येतो : जीएंचा असा कोणता कथासंग्रह, ज्याच्या नावात पाच अक्षरं नाहीत?

मोजा बरं बोटांवर. निळासावळा, पाच. हिरवे रावे, पाच. रक्तचंदन, काजळमाया, सांजशकुन, रमलखुणा, पिंगळावेळ, सगळी पाच. उत्तर आहे ‘पारवा’. तीनच अक्षरं. (हशा)

कॉलेजात असताना एका शहरात मी अशा बैठकीत बसलो होतो. मी जीएंचं एकच पुस्तक वाचलेलं, तेही गावच्या वाचनालयातलं, पुढची पानं फाटलेलं. प्रकाशनाचं साल कुठून माहीत असणार? मला दोन प्रश्न विचारले, दोन्ही चुकले. मग कुणी माझ्याशी बोललंच नाही. ज्या कथेनं माझी झोप उडवली होती, तिच्याबद्दल मला बोलायचं होतं. ते राहूनच गेलं.

म्हणून हे प्रश्न फालतू आहेत, असं म्हणायला मी आलेलो नाही. ते सोपं झालं असतं. माझी तक्रार एवढीच, की चाहते उत्तर मिळालं की थांबतात.

पुन्हा ती नावं घ्या, पण अक्षरं मोजू नका, अर्थ बघा. १९५९ चा ‘निळासावळा’. मग ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’. हे सगळे रंग आहेत. आता पुढची बघा. ‘सांजशकुन’ : शकुन. ‘रमलखुणा’ : रमल म्हणजे फासे टाकून भविष्य सांगायची विद्या. १९७७ चा ‘पिंगळावेळ’ : पहाटे दारात येऊन भाकीत सांगणारा पिंगळा आपल्याकडे कुणाला सांगायला नको. म्हणजे आधी रंग, नंतर शकुन. आणि मधोमध १९७२ ची ‘काजळमाया’ : काजळ हा रंगही आहे आणि माया हे कोडंही.

कथाही साधारण तशाच सरकतात. आधी घरं, नाती, गरिबी, माणसांच्या चेहऱ्यामोहऱ्याचे तपशील. नंतर ‘प्रवासी’, ‘इस्किलार’सारख्या दीर्घ कथा, जिथं गाव कोणतं, काळ कोणता, हे विचारायची सोयच नाही, माणूस आणि त्याची नियती एवढंच. अगदी सरळ रेघ नाही बरं का. ‘कैरी’सारखी घरातली कथा ‘पिंगळावेळ’मध्येच आहे. पण दिशा दिसते. बघा, पाच अक्षरांच्या प्रश्नानं आपल्याला लेखकाच्या वाटेवर आणून सोडलं. आपण अजून एक पाऊल टाकलं, एवढंच.

आता पुरस्कार. चाहत्यांसाठी तो एका ओळीचा प्रश्न आहे आणि उत्तरात जीए एकदम विरक्त साधू होतात. पण वाद कशावरून झाला? पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून. कथा चांगल्या की वाईट, हा मुद्दाच नव्हता. म्हणजे एक तारीख, प्रश्नमंजूषेतलीच बाब, कथांपेक्षा मोठी होऊन बसली, आणि जीए त्यातून बाजूला झाले. ही हकिगत चाहत्यांनी स्वतःलाच एकदा सांगून बघावी.

‘स्वामी’ नावाची कथा आहे. प्रवासात अडकलेल्या एका माणसाला मठात नेतात, मान देतात, आणि स्वामी करून कोंडून ठेवतात. मठाला स्वामी हवा असतो. हा माणूस कोण, याच्याशी मठाला देणंघेणं नसतं. मंडळी, आपण जीएंचं याहून वेगळं काय केलंय? गडद चष्मा, धारवाड, एकांत, सभांना नकार... एवढ्या सामानावर मठ उभा केला. दारावर दोन प्रश्न ठेवले. उत्तर आलं तर आत, नाहीतर घरी जा. ‘स्वामी’ कोणत्या संग्रहात आहे, हे ज्याला पाठ आहे, त्यानं ती कथा कशाबद्दल आहे हे विसरावं, याला काय म्हणायचं?

इथं मागं काही मुलं-मुली बसलीत. त्यांना सांगतो : साल चुकलं तर चुकू द्या, नंतर बघता येतं. कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्या, आणि मग तुम्ही एक विचारा : ‘स्वामी’ कथेतला तो माणूस कोंडला गेल्यावर हरला, की नाही? याचं उत्तर पाठ करता येत नाही. कथा पुन्हा काढावी लागते. आणि ती काढली, की शहरातला चाहता आणि फाटक्या पुस्तकाचा वाचक एकाच बाकावर येतात.

एवढं बोलून थांबतो.