सुपारी देणारा हात

'सुपारी' या शब्दाला मराठीत गेल्या काही दशकांत एक भयानक अर्थ येऊन चिकटला आहे. तोपर्यंत हा शब्द मंगल होता. सोयरीक जुळली की सुपारी फुटे. वाजंत्र्यांनी किंवा तमाशाच्या फडाने एखाद्या गावची सुपारी घेतली, म्हणजे त्या दिवसापुरते ते त्या गावाला बांधले जात. मुंबईच्या गुन्हेगारी टोळ्यांच्या बोलीने हाच शब्द उचलला, वृत्तपत्रांनी तो रूढ केला आणि आज कोणाही कोशकाराला तो नवा अर्थ टाळता येणार नाही. भाषांतर करणाऱ्याला हेवा वाटावा असा एक गुण या शब्दात आहे. सुपारी एकट्याने होत नाही. 'मारेकरी' म्हटले की मारणारा तेवढा दिसतो. 'खुनी' म्हटले की केलेले कृत्य तेवढे दिसते. 'सुपारी' म्हणताच मात्र देणारा, घेणारा आणि ज्याच्या नावाची ती दिली तो, अशी तीन माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. बोलीने इतक्या सहजपणे जे जाणले, ते कथावाङ्मयाने कितपत जाणले आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय.

हा प्रश्न केवळ पुस्तके वाचून पडलेला नाही. माझे वास्तव्य भिलाईचे. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे याच गावच्या हुडको वसाहतीत शंकर गुहा नियोगी हे कामगारनेते स्वतःच्या घरी झोपेत असताना खिडकीतून झाडलेल्या गोळीने मारले गेले. एके काळी भिलाई पोलाद कारखान्याच्या कोकभट्टीवर काम केलेले हे गृहस्थ. दल्ली-राजहराच्या लोहखाणीतील मजुरांची संघटना त्यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये उभी राहिली, त्याच मजुरांच्या पैशातून आणि श्रमातून १९८३ मध्ये तेथे शहीद रुग्णालय झाले, आणि अखेरच्या काळात ते भिलाईतील खाजगी कारखान्यांच्या कामगारांचा लढा चालवीत होते. आपला घात होईल ही शंका त्यांनी ध्वनिफितीवर बोलून ठेवली होती. पुढे खटला चालला. १९९७ मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने पलटन मल्लाह याला फाशीची आणि इतर पाच जणांना, ज्यांत उद्योजकही होते, जन्मठेपेची शिक्षा दिली. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांची सुटका केली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मल्लाह याला दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि इतरांची सुटका कायम ठेवली.

न्यायालयापुढे आलेल्या पुराव्यावरून न्यायालयाने निर्णय दिला. त्या निर्णयामागे जाऊन कोणावर बोट ठेवण्याचा मला अधिकार नाही, तसा हेतूही नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाला खुपते ते निराळेच. ज्या खटल्यात भाड्याने खून करविल्याचा आरोप होता, त्या खटल्याच्या अखेरीस घेणारा तेवढा शिल्लक राहिला आणि देणाऱ्याची जागा कोरी राहिली. कायद्याला अशी जागा कोरीच ठेवावी लागते. संशयाने ती भरू लागला तर तो कायदा राहणार नाही. कादंबरीकारावर असे बंधन नाही. त्याला साक्षीपुराव्याची अडचण नसते, कोणत्याही दिवाणखान्यात तो बिनदिक्कत शिरू शकतो. असे असता या विषयावरील बहुतेक कथा हातापाशीच का थांबतात?

याचे कारण, मला वाटते, कादंबरीच्या घडणीतच आहे. कादंबरी ही हेतूंची कला होय. रास्कोल्निकॉव्हच्या बाबतीत हेतू आणि कुऱ्हाड एकाच माणसाजवळ असतात, म्हणून दस्तयेव्हस्कीला त्याच्या मनात खोल उतरता येते. सुपारीच्या खुनात हेतू एका घरी राहतो आणि हात दुसऱ्या घरी. मयताशी मारणाऱ्याचे वैर नाही, ओळखही नाही. ज्याचे वैर आहे तो त्या वेळी कोठे तरी जेवत असतो. ही फट कथाकाराला असह्य होते आणि तो ती बुजवू पाहतो. कधी तो हाताला उसना हेतू देतो, कधी हेतूऐवजी कसब देतो.

आपल्या जुन्या वाङ्मयात मात्र ही फट उघडी ठेवण्याचे धैर्य होते. मृच्छकटिकाचा आठवा अंक पाहा. शकाराला वसंतसेनेचा प्राण हवा आहे, पण स्वतःचा हात नको आहे. प्रथम तो विटाला सांगून पाहतो, विट नाकारतो. मग तो स्थावरक या आपल्या दासाकडे वळतो आणि त्याला सोन्याच्या कड्यांची लालूच दाखवितो. धन्याची सत्ता आपल्या देहापुरती आहे एवढे त्या दासाला पक्के ठाऊक असते, आणि तो मार खातो पण कबूल होत नाही. शेवटी शकारालाच आपले हात पुढे करावे लागतात. भाडोत्री मारेकऱ्याच्या वाङ्मयाचा विचार करताना भाड्याने न मिळालेल्या या दासाला पहिले स्थान द्यावे असे मला वाटते, कारण हात हादेखील माणूसच असतो ही गोष्ट त्याच्या नकारामुळे सिद्ध होते. याहून मार्मिक प्रसंग दहाव्या अंकात आहे. निरपराध चारुदत्ताला वधस्थानी नेत असताना स्थावरक वाड्यावरून उडी टाकतो आणि खरा अपराधी कोण ते चारचौघांत सांगतो. शकार हळूच त्याच्या हातात कडे सरकवितो. स्थावरक ते कडे सर्वांना दाखवितो. हाच पुरावा, असे आपणांस वाटते. तोच शकार म्हणतो की हे कडे याने चोरले होते, त्यापायी मी याला बडविले, म्हणून हा माझ्यावर आळ घेतो. आणि लोकांना ते पटते! देणाऱ्याने दिलेला मोबदलाच घेणाऱ्याच्या चोरीचा पुरावा ठरावा, ही शूद्रकाची कल्पना मी प्रथम वाचली तेव्हा केवळ एक नाट्यपूर्ण कलाटणी वाटली होती. तिचा खरा अर्थ पुष्कळ उशिरा, एक इंग्रजी कादंबरी वाचताना उलगडला. तिच्याकडे पुढे यावयाचेच आहे.

शेक्सपीअरची रीत वेगळी. मॅकबेथ बँकोला मारण्यासाठी ज्यांना बोलावितो ते सराईत मारेकरी नव्हेत. जगाचे तडाखे खाऊन जिवावर उदार झालेली ती माणसे आहेत. त्यांना नुसते पैसे देऊन भागले असते. मॅकबेथ तसे करीत नाही. तुमच्या हालांना बँकोच कारण आहे हे तो त्यांना पटवून देतो, मग त्यांच्या मर्दपणाला आव्हान देतो. आपला हेतू तो त्यांच्या अंगात भरतो. कथाकार जी लबाडी नेहमी करतो ती येथे पात्राकडून उघडपणे करवून घेतली आहे, आणि म्हणूनच ती लबाडी म्हणून दिसते. आयत्या वेळी तिसरा मारेकरी येऊन मिळतो, कारण देणाऱ्याचा घेणाऱ्यावर भरवसा नाही. आणि मेजवानीत बँकोचे भूत दिसताच मॅकबेथ पहिला बचाव करतो तो हाच, की हात आपला नव्हता. मराठी रंगभूमीला हे नाटक शिवराम महादेव परांजपे यांच्या 'मानाजीराव'पासून शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'पर्यंत परिचित आहे. ते परके वाटले नाही याचे एक कारण असे की, अशी एक हकीकत आमच्या घरचीच होती.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारदी थकलेला पगार मागण्याच्या निमित्ताने आत घुसले होते. 'गारदी' हा लष्करातील एका शिपाईवर्गाचा शब्द त्या दिवसापासून मराठीत भाडोत्री मारेकऱ्याचा वाचक होऊन बसला. तरीही लोकस्मृतीने गारद्यांवर कथा रचली नाही. सुमेरसिंगाच्या मनात काय होते, याची मराठी माणसाला फारशी उत्सुकता कधीच वाटली नाही. लोकांनी कथा रचली ती एका अक्षराची. 'ध'चा 'मा' कोणी केला, हा तिचा प्रश्न. ही आख्यायिका इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, तिची दिशा अचूक आहे: तलवारीकडून ती कागदाकडे जाते आणि कागदाकडून लेखणी धरणाऱ्या हाताकडे. खाडिलकरांनी १९०९ मध्ये 'भाऊबंदकी' लिहिले तेव्हा त्यांनीही हाच मार्ग धरला. त्या नाटकाचा कणा गारदी नसून राघोबा आणि त्याला जाब विचारणारे रामशास्त्री हा आहे. सत्तेवर बसलेल्या माणसासमोर उभे राहून 'आज्ञा कोणाची' असे विचारणारा न्यायाधीश मराठी प्रेक्षकाने डोक्यावर घेतला, आणि १९०९ साली त्या प्रश्नाचा रोख कोणाकडे जात असेल हे सांगावयास नको.

पुढे मात्र ही दृष्टी सुटत गेली. बाबूराव अर्नाळकरांनी घडविलेल्या मराठी रहस्यकथेच्या परंपरेत भाडोत्री मारेकऱ्याला 'हस्तक' असे एक सुरेख नाव आहे. पण हस्तक तेथे गोळी झाडण्यापुरता येतो आणि गोळी खाऊन जातो. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. खरा पालट झाला तो पाश्चात्त्य थरारकथेमुळे, आणि त्या पालटाचा नमुना म्हणजे फ्रेडरिक फोर्सिथची 'द डे ऑफ द जॅकल' ही १९७१ ची कादंबरी. फोर्सिथवर अन्याय करता कामा नये. द गॉलला मारण्याचे पाच लाख डॉलर ठरतात, ते उभे करण्यासाठी देणाऱ्यांना बँका लुटाव्या लागतात, हे सर्व तो हिशेबाच्या वहीसारखे मांडतो. सुपारी देणाऱ्यांची इतकी रोखठोक बैठक दुसऱ्या कोठे मी वाचलेली नाही. पण ती बैठक संपली की वाचकही त्यांना विसरतो. द गॉल यांना मरण आले ते १९७० साली, आणि तेही नैसर्गिक, हे प्रत्येक वाचकाला माहीत होते. तेव्हा काय होणार याची ओढ शक्यच नव्हती, कसे होणार याचीच होती. मेलेल्या मुलाच्या नावाचे पारपत्र, कुबडीत दडविलेली बंदूक, निशाणीचा सराव, या सर्वांत लेखक इतका रमतो की आपणही एखाद्या कुशल सोनाराचे काम पाहावे तसे ते पाहू लागतो. कसब हेच चारित्र्य झाले. त्यानंतरच्या थरारकथांत आणि चित्रपटांत एकाकी, अबोल, नेमबाज मारेकऱ्याचे जे अमाप पीक आले ते याच जमिनीत. भिलाईत राहणाऱ्या माणसाला त्याचा उबग येतो, एवढे येथे नमूद करतो. एका झोपलेल्या माणसावर खिडकीतून गोळी झाडण्यात कसले कसब?

ज्या कादंबरीचा वर उल्लेख केला ती ग्रॅहम ग्रीनची १९३६ मधील 'अ गन फॉर सेल'. ग्रीनने स्वतः तिला करमणुकीच्या वर्गात घातले होते. त्याच्या या वर्गवारीवर टीकाकारांनी फार विश्वास ठेवू नये. फाटक्या ओठाचा रेव्हन एका परदेशी मंत्र्याला पैसे घेऊन ठार करतो. पैसे हाती देणारा मध्यस्थ त्याला ज्या नोटा देतो त्या चोरीच्या म्हणून आधीच पोलिसांत नोंदविलेल्या असतात. पोलीस रेव्हनच्या मागे लागतात ते खुनी म्हणून नव्हे, नोटाचोर म्हणून. शकाराचे कडे ते हेच! हजारो मैल आणि पंधराएक शतके ओलांडून दोन लेखकांना एकच गोष्ट दिसली: देणाऱ्याची खरी कारागिरी खून करविण्यात नसते, आपण काही दिलेच नव्हते असे दाखविण्यात असते.

ग्रीन येथे थांबत नाही. फसविला गेलेला रेव्हन माग काढीत उलट दिशेने जातो, मध्यस्थाकडून मालकाकडे, आणि मालक निघतो एका पोलाद कंपनीचा प्रमुख. युद्ध पेटले तर पोलादाचा भाव वाढेल एवढाच त्याचा हेतू. वाटेत रेव्हनला कळते की आपण मारलेला म्हातारा गरिबांच्या बाजूचा होता, म्हणजे आपल्याच बाजूचा. पोलादाच्या गावात बसून हे पान वाचताना मला पुस्तक काही वेळ मिटून ठेवावे लागले. पुस्तकातले पोलाद आणि येथले पोलाद यांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. येथला मोठा कारखाना सरकारी आहे आणि नियोगींचा शेवटचा लढा इतर कारखान्यांत होता. पुस्तक मिटावे लागले ते मेलेल्या माणसामुळे. ज्याच्यासाठी तो झगडत होता त्याच थरातून त्याला मारणारा हात विकत मिळतो, ही गोष्ट ग्रीनला कळली होती.

तरीही ग्रीनचे यश अपुरे आहे. त्याचा सर मार्कस हा रंगवलेला दुष्ट आहे. त्याच्या चित्रणात त्या काळच्या यहुदीद्वेषाची छटा आहे आणि ती आज सहन होत नाही. देणारा हा असा विद्रूप म्हातारा असतो हे समाधान वाचकाला देऊन ग्रीनने त्याला फार स्वस्तात सोडले. देणारा आपल्यासारखाच असू शकतो, सभ्य, हिशेबी, मुलांच्या शाळेच्या संमेलनाला जाणारा, आणि सुपारी ही त्याच्या दृष्टीने खर्चाची एक बाब असू शकते, ही कादंबरी अजून लिहावयाची आहे. मराठीने ती लिहावी अशी माझी इच्छा आहे. रामशास्त्र्यांचा प्रश्न आपल्याजवळ आहे आणि 'सुपारी' हा शब्दही.

राहता राहिला हेमिंग्वे. 'द किलर्स' या त्याच्या १९२७ च्या कथेचे भाषांतर सध्या हाती आहे. दोन अनोळखी इसम एका खाणावळीत येऊन बसतात. संध्याकाळी येणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्यांना मारावयाचे असते. त्याला त्यांनी कधी पाहिलेले नाही. कोणा मित्राखातर हे काम करीत आहोत, इतकेच ते सांगतात. तो मित्र कथेत कधीच येत नाही. गिऱ्हाईकही त्या संध्याकाळी येत नाही. निक नावाचा पोरगा धावत जाऊन त्याला सावध करतो, तर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो आणि उठत नाही. ग्रीनने जी जागा भरली ती हेमिंग्वेने रिकामी ठेवली, पण ती रिकामी आहे हे वाचकाला एक क्षणही विसरू दिले नाही. त्या अदृश्य मित्राची सावली खाणावळीतल्या प्रत्येक वाक्यावर पडते.

भाषांतरात अडचण आली ती शीर्षकाची. इंग्रजीत ते अनेकवचनी आहे आणि कथेत बंदूक घेऊन आलेले दोघेच आहेत. मराठीत 'मारेकरी' लिहिले तर एकवचन आणि अनेकवचन यांत फरक राहत नाही. एक की दोन की आणखी कोणी, ते पुढे क्रियापद आल्याशिवाय कळत नाही, आणि शीर्षकाला क्रियापद नसते. संपादकांनी सुचविले होते की 'दोन मारेकरी' असे करावे, म्हणजे संदिग्धता राहणार नाही. मी नुसते 'मारेकरी' ठेवले आहे.