पुन्हा हसता येतं का? : घोस्टबस्टर्सच्या खेळाविषयी

आजचा विषय एक व्हिडिओ गेम आहे. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत हा कुठून आला, असं काहींना वाटेल. आमचं उत्तर साधं आहे. ज्या गोष्टीसमोर माणूस दहा-बारा तास बसतो, तिची समीक्षा व्हायलाच हवी. नाहीतर ती फक्त जाहिरातदारांच्या हाती राहते.

‘घोस्टबस्टर्स : द व्हिडिओ गेम’ 2009 साली आला. टर्मिनल रिअ‍ॅलिटी या कंपनीने तो बनवला आणि अटारीने बाजारात आणला. मूळ चित्रपट 1984 चा, दिग्दर्शक आयव्हन राइटमन. दुसरा भाग 1989 चा. तिसऱ्या भागाची चर्चा पुढे वर्षानुवर्षं चालली, पण जुन्या मंडळींचा तिसरा चित्रपट काही त्या काळात झाला नाही. झाला तो हा खेळ. संहितेला मूळ लेखकांचा, म्हणजे डॅन अ‍ॅक्रॉइड आणि हॅरॉल्ड रॅमिस यांचा हात लागला. त्या दोघांबरोबर बिल मरे आणि अर्नी हडसन यांनी आपापल्या पात्रांना आवाज दिले. कथा 1991 च्या न्यूयॉर्कमधली. खेळणारा असतो नवा उमेदवार. त्याला नाव नाही, तोंडी संवाद नाही, आणि धोक्याची नवी यंत्रं आधी त्याच्याच पाठीवर बांधली जातात.

आता मूळ चित्रपटातला विनोद कशात होता ते पाहू. आपल्याकडे भूत उतरवणारा मांत्रिक असतो. त्याच्याकडे मंत्र असतो, दरारा असतो. इथे विद्यापीठाने हाकललेले तीन प्राध्यापक आहेत, आणि त्यांच्याकडे आहे पावतीपुस्तक! सेजविक हॉटेलात पहिलं भूत पकडतात, हॉल उद्ध्वस्त करतात आणि वर पाच हजार डॉलरचं बिल फाडतात. व्यवस्थापक म्हणतो, एवढे पैसे देणार नाही. हे म्हणतात, ठीक आहे, मग भूत परत सोडतो. भुताचं भय आणि बिलाचा व्यवहार एकाच टेबलावर आले की हसू फुटतं. त्यात भर म्हणजे सरकारी अधिकारी पेक. तो यांना भोंदू समजतो. खरं सांगायचं तर विनापरवाना अणुयंत्र पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यांना जाब विचारणारा माणूस अगदीच चूक म्हणता येणार नाही. त्या विनोदाला असा संशय घेणारा माणूस लागतोच.

खेळाकडे येण्याआधी किर्केगार्दकडे थोडं वळू. 1843 साली त्याने ‘पुनरावृत्ती’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला कॉन्स्टँटिन कॉन्स्टँशियस पूर्वी बर्लिनला जाऊन आलेला असतो. तो ठरवतो, तोच प्रवास पुन्हा करून पाहायचा. तेच घर, तेच नाट्यगृह, तोच प्रहसनाचा प्रयोग, ज्याने मागच्या खेपेला हसून हसून पुरेवाट झाली होती. जातो, बसतो, आणि हसू येत नाही. अर्ध्या तासात उठून निघून जातो. किर्केगार्द म्हणतो ते असं, की आठवण आणि पुनरावृत्ती या एकाच हालचालीच्या दोन दिशा आहेत. आठवण मागे तोंड करून चालते, खरी पुनरावृत्ती पुढे तोंड करून. आमच्या मते या खेळाला लावायची कसोटी हीच.

खेळाचा पहिला भाग बर्लिनचा दुसरा प्रवास आहे. पुन्हा सेजविक हॉटेल, पुन्हा तो हिरवा खादाड स्लायमर, पुन्हा रस्त्यावर मार्शमॅलोचा अजस्र माणूस. प्रेक्षक ओळखतो, खूश होतो. पण ओळखणं म्हणजे हसणं नव्हे, बरं का. 1984 साली मार्शमॅलोचा माणूस हसवून गेला, कारण जगबुडीचं रूप असं गोड आणि गुबगुबीत असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आता तो येणार हे आपल्याला ठाऊक आहे. तो येतो तो पाहुण्यासारखा, दार वाजवून.

मग या खेळात पुढे चालणारं काही आहे का? आहे. एक म्हणजे हाताचं काम. भूत झोतात पकडायचं, ते ओढ घेतं, आपण ओढ देतो, भिंतीवर आपटायचं, दमवायचं, हळूहळू सापळ्यावर आणायचं. चित्रपटात आपण हे लांबून पाहिलं, इथे गळाला लागलेल्या मोठ्या माशासारखं ते हाताला जाणवतं. त्या झटापटीत झुंबरं फुटतात, टेबलं जळतात आणि नुकसानीचा आकडा डॉलरमध्ये चढत जातो. बिलाचा जुना विनोद इथे नव्याने जन्मतो, कारण या वेळी नासधूस आपण स्वतः केलेली असते.

दुसरं म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. पहिल्या चित्रपटात तिथल्या ग्रंथपाल बाईचं भूत पाहून हे तिघे पळत सुटतात आणि ती बाई तशीच मागे राहते. खेळात ते परत जातात. तिला नाव मिळतं, पूर्वायुष्य मिळतं. अर्धवट राहिलेलं काम पुढे नेलं जातं. किर्केगार्दच्या अर्थाने ही खरी पुनरावृत्ती.

पण दोष सांगितलेच पाहिजेत. वेंकमन या पात्राची सगळी गंमत त्याच्या कामचुकारपणात आहे. बिल मरे उभा राहतो तोच मुळी ‘मला का सांगता’ अशा चेहऱ्याने. खेळात मात्र आळशाला जागा नाही. थांबलात की मेलात. त्यामुळे थट्टा करणारे वेगळे आणि राबणारा वेगळा अशी वाटणी होते. राबणारे आपण, आणि आपल्याला तोंड नाही. दुसरा दोष अधिक खोल. या शहरात घोस्टबस्टर्सवर सगळ्यांचा विश्वास आहे. 1989 च्या चित्रपटाने त्यांना आधी दिवाळखोर केलं आणि मगच हसवलं, हे लेखकांचं शहाणपण होतं. खेळ चाहत्यांसाठी लिहिलेला, आणि चाहत्याला संशय नसतो. पेक आहे, पण त्याच्या शंकेत आता वजन नाही. संशय गेला की विनोदाची धार गेली, उरतो तो सत्कार समारंभ.

आता शेवटचा मुद्दा, आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खेळात एक साधी सोय आहे. आपण पडलो की सोबती येऊन उठवतात, ते पडले की आपण धावायचं. 24 फेब्रुवारी 2014 ला हॅरॉल्ड रॅमिस गेले. 2019 मध्ये खेळाची सुधारित आवृत्ती आली, त्यात एगॉन त्यांच्याच आवाजात बोलतो. तो पडतो, आपण धावतो, कळ दाबतो, तो उठतो आणि पुढचं वाक्य बोलतो. आपल्या भाषेत ‘भूत’ म्हणजे पिशाच्चही आणि ‘होऊन गेलेलं’ही. भूतकाळ हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातलं भूत असं समोर उभं राहतं तेव्हा बोट कळीवर थबकतं.

2021 च्या चित्रपटात रॅमिस यांचा चेहरा संगणकाने घडवून पडद्यावर आणला गेला. अनेकांचे डोळे पाणावले, आम्ही ते खोटं म्हणणार नाही. पण फरक करायला हवा. खेळातला आवाज जिवंत माणसाने स्वतः, सहकाऱ्यांसाठी, कामाचा भाग म्हणून दिला. ती त्याने मागे ठेवलेली वस्तू आहे. चित्रपटातला चेहरा त्याच्या पश्चात इतरांनी घडवला. पहिलं जपणं झालं, दुसरं बोलावणं. आणि मेलेल्यांना बोलावण्याचा धंदा फार सोपा झाला की काय होतं, हे तर घोस्टबस्टर्सनीच आपल्याला दाखवलं!

तेव्हा आमचा निवाडा असा. हा खेळ आठवणीचा असतो तेव्हा साधारण असतो, कामाचा असतो तेव्हा उत्तम असतो. एक खंत मात्र सांगतो. 2009 च्या खेळात अनेकांनी मिळून खेळायची सोय होती, 2019 च्या आवृत्तीत ती नव्हती. जुना आवाज राखला, जुनी संगत गाळली. वास्तविक त्या चौघांची गंमत संगतीतच होती.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.