इंग्रजीचा प्राध्यापक आणि त्याचा जमाखर्च

डॉ. म. ना. वानखडे यांचे नाव आपल्या चळवळीत आदराने घेतले जाते. पण ते इंग्रजीचे प्राध्यापक होते, या गोष्टीचा विचार सहसा कुणी करीत नाही. मला तो करावासा वाटतो, कारण मीही इंग्रजीच शिकवतो. शाहूवाडी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात, तासिका तत्त्वावर. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही, जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज. अशी नऊ वर्षे झाली. मध्यंतरी एका संस्थेत मुलाखतीला गेलो होतो. (नाव देत नाही, नाव बदलून फरक पडत नाही.) तज्ज्ञांनी माझ्या तक्त्यातल्या गुणांची बेरीज केली आणि विचारले, "हे मराठी लेख कशाला जोडलेत? इंग्रजीच्या माणसाला ते धरता येत नाहीत." मलकापूरला परतताना एस.टी.त सारखे मनात येत होते, हाच तक्ता वानखडे सरांपुढे ठेवला असता तर?

एक रकाना नक्कीच भरला असता. वॉल्ट व्हिटमन आणि तंत्रमार्ग यांची तुलना करणारा प्रबंध त्यांनी अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाला सादर केला, तो १९६५ साली. हा विषय ऐकून आपले कार्यकर्ते गोंधळतात. दलित साहित्याचा हा भाष्यकार तंत्रमार्गाकडे कशाला गेला? मला मात्र तो विषय परका वाटत नाही. व्हिटमन हा देहाची लाज न बाळगणारा कवी. तंत्रमार्गही देह झिडकारीत नाही. ज्यांचा स्पर्शच नव्हे तर सावलीसुद्धा विटाळ ठरवली गेली, त्यांच्यातल्या एका अभ्यासकाने देहाला मान देणारा कवी निवडावा, याला मी योगायोग म्हणणार नाही. हे माझे वाचन आहे. प्रबंधात जातीचा हिशेब मांडला आहे असा माझा दावा नाही.

पण या प्रबंधामुळे वानखडे आपले झाले नाहीत. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाचे, म्हणजे मिलिंदचे, ते प्राचार्य झाले. येताना त्यांनी व्हिटमनपेक्षा वेगळेच सामान आणले होते. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांचे साहित्य आणि त्या साहित्यामागचा संताप त्यांनी मराठीत बोलायला सुरुवात केली. १९६७ साली मिलिंदच्या परिसरात 'अस्मिता' निघाले. त्याचेच पुढे गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' झाले. आपल्या मुलांना लिहिते करायचे तर त्यांना आपल्यासारखीच दुसरी माणसे दाखवली पाहिजेत, हे या इंग्रजीच्या प्राध्यापकाने ओळखले होते. १९७२ सालची दलित पँथर त्यांच्यामुळे झाली असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. ते नाव मुंबईच्या तरुणांनी स्वतः उचलले. आणि काळ्यांशी नाते शोधण्याची सुरुवातही वानखड्यांपासून होत नाही. १९४६ साली खुद्द बाबासाहेबांनी ड्यूबॉय यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या.

वानखड्यांचे मराठी लेखन म्हणजे प्रसंगाप्रसंगाने केलेली भाषणे आणि लेख. 'दलितांचे विद्रोही वाङ्मय' हे पुस्तक १९८१ साली निघाले, ते त्यांच्या मागे. आजच्या तक्त्यात त्याला किती गुण मिळतील ते मला मुलाखतीतच कळले आहे.

आदर बाजूला ठेवून एक बोलले पाहिजे. काळा आणि दलित ही जोडी आपण फार सहज लावली आणि नंतर तिची घोषणा झाली. काळ्या माणसाची ओळख रंगातच दिसते. आपल्या माणसाला आधी आडनाव विचारतात, आडनावावरून उमगले नाही तर गाव, आणि गाव कळले की घर कोणत्या अंगाला. शिवाय काळ्या लेखकाला मालकाच्याच भाषेत लिहावे लागले. आपल्या लेखकाजवळ वाड्यावस्तीची, आजीच्या तोंडची मराठी होती. या दोन फरकांवर इंग्रजीच्या विभागांनी खरे काम करायला हवे होते. जनार्दन वाघमारे यांनी १९७८ साली 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' लिहिले. तेही इंग्रजीचेच प्राध्यापक, आणि पुस्तक मराठीत. पण अशी पुस्तके पुढे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आली. इंग्रजीच्या बाकीच्या प्राध्यापकांनी एलियट शिकवला आणि निवृत्तिवेतन घेतले.

आता उलटेच घडते आहे. १९९२ साली अर्जुन डांगळे यांच्या संपादनाखाली दलित साहित्याचा इंग्रजी संग्रह आला आणि पुढे इंग्रजीच्या वर्गांतून दलित साहित्य शिकवले जाऊ लागले. त्याचा आनंद आहेच. पण बागुलांची कथा मराठीत कधीही न वाचलेला मराठी मुलगा ती इंग्रजीत वाचतो, आणि इंग्रजी पेलत नाही म्हणून बाजारातले गाईड वाचतो. अठरा किलोमीटरवरून येणाऱ्या मुलाला दुसरे काय सुचणार?

गेल्या पावसाळ्यात अशीच एक भाषांतरित कथा शिकवत होतो. आंब्याकडच्या एका वाडीतून येणारा मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, येसकरपाळीला इंग्रजीत काय म्हणायचं वो?" वर्ग हसला. मी फळ्यावर एक शब्द लिहिला, पुसला, दुसरा लिहिला, तोही पुसला. पाळीत भाकरी मागणे होते, मेलेले ढोर ओढणे होते, सरकारी टपाल घेऊन रात्री पळणे होते; १९५८ च्या कायद्याने वतन गेले, पण त्यासाठी एक इंग्रजी शब्द मला सापडेना. मी त्याला विचारले, "तुझ्या घरात पाळी कुणी केलीय?"

"आज्यानं. आजीला समदं म्हाईत हाय."

"मग तिला विचारून लिहून आण. मराठीतच."

पुढच्या सोमवारी त्याने वही आणली. सव्वाचार पाने होती. त्यातले सात शब्द मलाही नवे होते. आता ते पुढच्या तासाला वर्गात विचारायचे आहेत.