पब्लिलियस सायरस: ही वाक्यं बोलतंय कोण?

माणसाचा स्वभाव, संकटं, युद्ध यांवरचं ‘रोमन शहाणपण’ म्हणून जे संग्रह छापले जातात, त्यांत पब्लिलियस सायरस हमखास असतो. ‘सायरस’ म्हणजे नुसतं ‘सीरियाचा’. गुलाम म्हणून इटलीत आणलेला, पुढे मुक्त झालेला हा माणूस तत्त्वज्ञ नव्हता. तो माइम लिहायचा आणि स्वतः त्यात कामही करायचा.

रोमन माइम म्हणजे आजचा मूकाभिनय नव्हे बरं का. त्यात भरपूर बोलणं असायचं, मुखवटे नसायचे, बायकांच्या भूमिका बायकाच करायच्या. फसवले गेलेले नवरे, बिलंदर नोकर, चावट विनोद असा सगळा माल. पब्लिलियसच्या माइम्सपैकी आज दोनेक नावं उरली आहेत आणि सुमारे ७०० सुटी वाक्यं, तीही आद्याक्षरानुसार लावलेली. शाळेत मुलांना ती शिकवत. संत जेरोमने लहानपणी शाळेत वाचलेलं एक वाक्य पुढे पत्रात वापरलंय.

माझा आक्षेप इथेच आहे. बाईला प्रेम आणि द्वेष यांच्यामधलं काही कळतच नाही, अशा अर्थाचं एक वाक्य या संग्रहात आहे. संग्रहात ते ‘स्त्रीस्वभावावरचं रोमन मत’ होऊन बसतं. पण रंगमंचावर तेच वाक्य एखाद्या वेंधळ्या नवऱ्याच्या तोंडी असेल तर? मग प्रेक्षक वाक्याला नाही, त्यालाच हसले असतील.

प्रसंग माहीत असला की केवढा फरक पडतो, ते लाबेरियसच्या उदाहरणात दिसतं. इ.स.पू. ४६ च्या सुमारास सीझरने या साठीच्या, प्रतिष्ठित वर्गातल्या लेखकाला स्वतःच्याच माइममध्ये उभं राहायला भाग पाडलं. नटाचं काम करणं त्या वर्गाला बट्टा लावणारं होतं. पाचव्या शतकातला मॅक्रोबियस सांगतो, की लाबेरियस मार खाणाऱ्या सीरियन गुलामाच्या वेषात आला आणि भीती दोन्ही बाजूंनी चालते अशा अर्थाचं काहीतरी बोलला. सगळ्या प्रेक्षकांच्या माना सीझरकडे वळल्या! यादीत टाकलं तर हे वाक्य अगदी साधं, थोडं गुळगुळीतच वाटतं. यादवी युद्धाच्या त्या दिवसांत मात्र ते सरळ अंगावर जाणारं होतं. (स्पर्धा सीझरने पब्लिलियसला जिंकून दिली, हेही ओघाने आलंच.)

पब्लिलियसची वाक्यं घोटीव आहेत, यात वाद नाही. मोजक्या शब्दांत दोन बाजू समोरासमोर उभ्या करणं त्याला फार छान जमतं. सेनेकालाही ती आवडायची. अशा ओळी माइमच्या अनवाणी नटांपेक्षा शोकांतिकेच्या नटांनाच शोभल्या असत्या, असं त्याचं म्हणणं. कौतुकच, पण त्यात माइमवर नाक मुरडणंही आहे. मध्ययुगात तर या संग्रहाचा मोठा भाग ‘सेनेकाची वचनं’ म्हणूनच फिरत होता. सीरियन गुलामाचं नावसुद्धा त्यावर राहिलं नव्हतं.