एका विशेषणाचा कायदा

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताने ऑगस्ट २०२३मध्ये शाळांसाठी धोरण काढले: १६ वर्षांखालील विद्यार्थ्याला नवे नाव वा सर्वनाम हवे असेल, तर पालकांच्या संमतीशिवाय शिक्षकांनी ते वापरू नये. २८ सप्टेंबरला न्यायालयाने स्थगिती दिली. २० ऑक्टोबरला सरकारने त्याचाच कायदा केला आणि हक्कांच्या सनदेतले कलम ३३ पुढे केले. या कलमाने कायदेमंडळाला काही हक्क ५ वर्षांपर्यंत बाजूला ठेवता येतात.

हा कायदा मी संहिता म्हणून वाचला. त्याचा सारा भार ‘लिंगभावाशी संबंधित’ या एका विशेषणावर आहे. ॲलेक्झांडरला ‘ॲलेक्स’ म्हणायला घरची चिठ्ठी लागत नाही. मुलगी म्हणून नोंद असलेल्या पारलिंगी विद्यार्थ्याने तेच नाव मागितले की लागते. म्हणजे नियमन नावाचे नाही, नावामागच्या कारणाचे आहे. पालकांना अंधारात ठेवू नये, ही भूमिका मला पोकळ वाटत नाही. पण हे कलम मुळात शिक्षकाचे तोंड बंद करते. घरी सांगितल्याने मुलाला इजा होण्याचा संभव असेल, तर मुख्याध्यापकांनी त्याला शाळेच्या तज्ज्ञांकडे पाठवावे. त्यांनी काय करावे, तर पालकांपुढे विषय काढण्याची योजना आखायला मदत! घरात भीती आहे हे मान्य करूनही वाट घराकडेच नेलेली.

मराठी वाचकाला इथे आणखी एक गोष्ट जाणवावी. इंग्रजीतला सर्वनामाचा वाद दुसऱ्यांच्या तोंडचा आहे. मूल स्वतः ‘आय’ म्हणते आणि सुटते. मराठीत ‘मी’लाही क्रियापद सोडत नाही. ‘मी लिहिते’ म्हणताच माझी बाई म्हणून नोंद होते. असा नियम आपल्या वर्गात आला, तर तो शिक्षकापाशी थांबणार नाही. ‘आलो’ की ‘आले’, हे मुलाला स्वतःच्या वहीत रोज ठरवावे लागेल. (सहलीवरचा निबंध तर पहिल्या ओळीलाच अडेल.) ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत शिक्षकालाही पळवाट नाही. ‘तुम्ही आलात’मध्ये आहे; पण विद्यार्थ्याला अहो-जाहो कोण करतो? ‘आम्ही आलो’ मात्र सगळ्यांचे. आणि कोल्हापूरकडच्या बायका-मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. त्यासाठी कुणा मुख्याध्यापकाने घरून चिठ्ठी मागितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.