षष्ठी हरवलेला शब्द

मध्ययुगीन युरोपातल्या दस्तऐवजांत ‘उनिवेर्सितास’ हा लॅटिन शब्द दिसला, की पुढचा शब्द वाचल्याशिवाय काही कळत नाही. कोणाची उनिवेर्सितास? एखाद्या धंद्यातल्या कारागिरांची, एखाद्या गावच्या रहिवाशांची, की गुरुजींची आणि विद्यार्थ्यांची? आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘समस्त’ लिहितात आणि पुढे आडनाव येतं, तशीच या शब्दाची गत. षष्ठीतलं ते शेपूट जोडलं की अर्थ उभा राहतो. त्या काळच्या सनदांची एक ठरावीक सुरुवातच होती, ‘नोवेरित उनिवेर्सितास वेस्त्रा’, म्हणजे ‘आपणां समस्तांस विदित व्हावे’. ज्यांना ती वाचून दाखवली जाई, त्यांचा विद्येशी संबंध असायलाच हवा असं अजिबात नव्हतं.

शब्दाची जडणघडण मोठी सुरेख आहे. ‘उनुस’ म्हणजे एक. ‘वेर्सुस’ म्हणजे वळलेलं. आणि ‘तास’ हा आपल्या एकता-समतेतल्या ‘ता’सारखा भाववाचक प्रत्यय. मधला वळणारा धातू संस्कृतातल्या ‘वृत्’चा सख्खा भाऊ, म्हणजे आपल्या वर्तुळाचा आणि परिवर्तनाचा नातलग. मराठीत या साऱ्याच्या सर्वांत जवळ जाणारं क्रियापद सुचतं ते ‘एकवटणं’. रोमन लेखक सिसेरोच्या हातात हा शब्द अवघ्या विश्वाएवढा मोठा आहे. त्याने केलेला प्लेटोच्या ‘तिमाएउस’चा अनुवाद ‘दे उनिवेर्सिताते’ याच नावाने ओळखला जातो. विश्वावरून तो जमिनीवर आला तो वकिलांमुळे.

रोमन कायद्यात उनिवेर्सितास म्हणजे कायद्याच्या नजरेत एक व्यक्ती ठरलेला समुदाय. इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने ‘डायजेस्ट’ हा कायद्याचा महासंग्रह जारी केला. त्यात उल्पियन या कायदेपंडिताचं एक मत आहे: समुदायाचं येणं हे एकेकट्या सभासदाचं येणं नव्हे, आणि समुदायाचं देणं एकेकट्याच्या डोक्यावर नाही. कोरडं वाक्य वाटतं खरं, पण ते बाराव्या शतकातल्या बोलोन्या या इटालियन शहरात नेऊन वाचावं. दूरदूरच्या मुलखांतून मुलं कायदा शिकायला तिथे येत. ती परकी, शहराचं नागरिकत्व नाही. एखादा जर्मन कर्ज बुडवून पळाला तर सावकार दुसऱ्याच जर्मनाची मानगूट धरी. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ‘हाबिता’ या फर्मानाने विद्यार्थ्यांना अशा वसुलीपासून संरक्षण दिलं. ही मुलं शिकत होती तेही डायजेस्टच. पाठ्यपुस्तकातला शब्द त्यांनी उचलला आणि स्वतःलाच लावला. परीक्षेबाहेर अभ्यासाचा याहून चोख उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

बोलोन्यात उनिवेर्सितास होती ती विद्यार्थ्यांची. आल्प्सच्या अलीकडच्यांची एक आणि पलीकडच्यांची दुसरी. प्राध्यापक तिच्या बाहेर! ते चाकरीला ठेवलेले. १३१७ सालची नियमावली शिकवणाऱ्या कोणीही एकदा चवीने वाचावी. रजेशिवाय एक दिवसही गैरहजर राहायचं नाही. गावाबाहेर जायचं तर परत येण्याची हमी म्हणून अनामत ठेवायची. घंटा झाली की सुरुवात करायची, पुढची घंटा झाली की थांबायचं. अवघड भाग गाळून पुढे पळायचं नाही. आणि तासाला पाच श्रोतेही जमले नाहीत, तर गुरुजी स्वतः हजर असूनही गैरहजर धरून दंड. हा शेवटचा नियम आज कुठे लागू झाला तर काय हलकल्लोळ होईल! प्राध्यापकांच्या हातात एक किल्ली मात्र राहिली: परीक्षा घेऊन पदवी द्यायची की नाही, हे त्यांचं मंडळ ठरवी. त्या मंडळाला म्हणत ‘कोल्लेगिउम’, आपल्या कॉलेजाचा पूर्वज.

पॅरिसला नेमकं उलट. तिथे सत्ता गुरुजींची. १२२९ साली दारूच्या बिलावरून दंगल झाली, त्यात विद्यार्थी मारले गेले, आणि गुरुजींनी वर्ग बंद करून शहरच सोडलं. दोन वर्षांनी पोप नवव्या ग्रेगरीने अशा प्रसंगी व्याख्यानं थांबवण्याचा त्यांचा हक्क मान्य केला.

मग विद्येच्या ठिकाणाला काय म्हणत? ‘स्तुदिउम गेनेराले’. यातल्या ‘गेनेराले’चा अर्थही सगळे विषय असा नव्हता, सगळीकडचे विद्यार्थी, असा होता. उनिवेर्सितास ही माणसांची होती, स्तुदिउम त्यांच्या उद्योगाचं. दक्षिण इटलीत कित्येक शतकं गावच्या कारभारालाच ‘उनिव्हेर्सिता’ म्हणत. माल्टातल्या मदीना शहराची पंचायतही याच नावाची. आणि ट्रान्सिल्व्हेनियातल्या जर्मन वसाहतकऱ्यांची राजकीय संघटना ‘उनिवेर्सितास साक्सोनुम’. वर्गखोली यांपैकी कशातही नाही.

हळूहळू बाकीच्या षष्ठ्या झडल्या आणि विद्येची षष्ठी उच्चारण्याची गरज उरली नाही. फ्रेंचांचं ‘युनिव्हर्सिते’, जर्मनांचं ‘उनिव्हेर्सिटेट’, स्पॅनिशांचं ‘उनिव्हेर्सिदाद’, सगळे शेपूट तुटलेले. मोकळी जागा दिसली की अर्थ शिरतोच. १८५२ साली डब्लिनमधल्या व्याख्यानांत कार्डिनल न्यूमनने विद्यापीठाची कल्पना सार्वत्रिक ज्ञान शिकवण्याचं ठिकाण अशी मांडली. आधुनिक ग्रीकांनी तर तेच शब्दात गोठवलं: ‘पानेपिस्तीमिओ’, म्हणजे सर्वज्ञानाचं स्थान. हिंदीतल्या ‘विश्वविद्यालया’तही ते ‘विश्व’ दिसतंच. कल्पना भव्य आहे, तिच्याशी भांडण नाही. पण मला मूळ अर्थच अधिक खमंग लागतो. त्याला कर्जाचा आणि दारूच्या बिलाचा वास आहे. आपलं ‘विद्यापीठ’ विश्वाच्या फंदात पडत नाही, पण त्यात विद्या आहे, बसायला आसन आहे. माणसं मात्र नाहीत. गंमत म्हणजे लॅटिनच्या गोतावळ्यात मुळीच नसलेल्या हंगेरियन भाषेत ‘एद्य’ म्हणजे एक, आणि विद्यापीठ म्हणजे ‘एद्येतेम’. तो ‘एक’ तिथे अजून उघड्या कानाला ऐकू येतो.

१८ सप्टेंबर १९८८ रोजी बोलोन्यात ३८८ रेक्टरांनी, म्हणजे विद्यापीठप्रमुखांनी, विद्यापीठांच्या स्वातंत्र्याच्या एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. नाव लॅटिन ठेवलं: ‘माग्ना कार्ता उनिवेर्सितातुम’. हे ‘उनिवेर्सितातुम’ षष्ठीचं अनेकवचन आहे, म्हणजे विद्यापीठांची सनद. जो शब्द इतरांना षष्ठीत उभं करत असे, तो आता स्वतः षष्ठीत उभा. सह्या करणाऱ्यांचं पदनामही याच शहरातलं जुनं. मध्ययुगीन बोलोन्यात ‘रेक्तोर’ हा विद्यार्थ्यांनी आपल्यातूनच निवडलेला एक विद्यार्थी असे.